मालक, गट, इतर

सर्जेकोटच्या सोसायटीत पंखा आहे, वारा नाही.
बर्फाच्या कारखान्याला लागून खोली,
भिंत गार, पण गारवा आपल्यापाशीच ठेवते.

डिझेल परताव्याचं नवं सॉफ्टवेअर घालायचंय.
मी कुडाळहून स्कूटरवर, पाठीला वायरींची पिशवी,
चार वेळा तेच बटण दाबलं
आणि चार वेळा तेच उत्तर:
परवानगी नाकारली.
कुणी नाकारली, ते सांगत नाही.
तलाठ्याच्या ऑफिसात निदान समोर माणूस असतो,
त्याला चहा तरी विचारता येतो.

"मशीन लवूचा," दाजी गिरप म्हणतात,
"आमी कोणी हात लावूक नाय.
तो गेलो, पासवर्ड घेवन गेलो."
आणि असे बघतात माझ्याकडे,
जशी मी खाडीपलीकडे जाऊन त्याला विचारून येणार.

कीबोर्डखाली चिकटवलेलं भरतीचं कोष्टक.
खणात सुपारी, रबरबँड, तीन होड्यांचे नंबर.
नंबर घालून बघते. नाही.
बायकोचं नाव? जयवंती. नाही.
मुलाचं?
"पोर नाय तेका," मागून कुणीतरी हळूच.

मग मागच्या दारानं.
पेनड्राइव्हवरून मशीन उठवते,
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं,
ओल्या फळीवर वाळलेल्या मिठासारखी.
आता मी रूट.
रूट म्हणजे मूळ, म्हणजे सगळ्यांच्या वरचा,
हे कुणाला समजावत बसत नाही.

प्रत्येक फाइलीपुढे तीन खाने:
मालक, गट, इतर.
कुणी वाचायचं, कुणी लिहायचं, कुणी चालवायचं.
दाजी वाकून बघतात. "सातबारो," म्हणतात.
हो, सातबाराच.
फक्त मुंबईच्या पाच चुलत्यांच्या सह्या लागत नाहीत.

"सगळ्यांका सगळा उघडा करून टाक गो," बाबल.
करता येतं. सात सात सात, तीन आकडे.
"तू होडी वर ओढून
चावी इंजिनातच ठेवून घरी जातोस?"
तो गप्प.
पलीकडे बर्फ फोडायचं यंत्र सुरू होतं,
दिवा मान टाकतो, परत उचलतो.

"मालक कोण घालू?"
चेअरमन दाजींकडे बघतात, दाजी बाबलकडे,
बाबल दारातल्या जाळ्याकडे.
नावावर काही चढवायचं म्हटलं
की या किनाऱ्यावर माणसं घसा खाकरतात.
मी "सोसायटी" असं खातं काढते,
लवूच्या फाइली एकेक त्या नावावर करते.
पावत्या. सभासद. डिझेल. ठराव, दोन हजार अकरापासूनचे.

एक उरते. नाव "बर्फ".
मालकानं वाचायची, मालकानं लिहायची.
गट: रेघा. इतर: रेघा.
रूटला कुणी अडवत नाही. उघडते.

होडीचं नाव, लाद्या, तारीख,
आणि पैशाच्या रकान्यात एकच शब्द: बघू.
वादळाच्या वर्षी पानंच्या पानं, बघू, बघू.
गिरपांची होडी दोनदा आली.
बाबलच्या बापाच्या नावावर नऊ लाद्या,
तारीख नारळी पुनवेनंतरची.

"काय गावला?" दाजी चष्मा पुसतात.
"काही नाही, जुना कचरा," मी म्हणते,
आणि होती तशी मिटते.
मालक: लवू.
खातं काढून टाकायचं असतं अशा वेळी, तसं पुस्तकात आहे.
मी टाकत नाही.

पट्टी सरकते. एकसष्टवर अडते,
आम्ही सगळे श्वास धरून, मग एकदम शंभर.
प्रिंटर पहिली पावती ओकतो, बाबलची,
चाळीस लिटर, शाई पुसट.

"तुजे किती?"
पाचशे सांगते. दाजी चारशे मोजतात,
वर बांगड्यांची पिशवी, खाली फोडलेला बर्फ.
"आणि वरचे शंभर?"
"बघू," दाजी म्हणतात.

कुडाळपर्यंत स्कूटर
रस्त्यावर थेंब थेंब सांडत जाते.