फाटक

संत्र्याच्या सरबताची रिकामी बाटली, अर्धी पाण्यानं भरलेली.
त्यात सलाइनच्या नळीचा हातभर तुकडा.
एवढंच माझं यंत्र.
औषधं, ऑक्सिजन, सुया डॉक्टरांच्या.
ते बारापर्यंत आपापलं करून जातात,
मग मी येते, बाटली घेऊन.

उलानबातर, जानेवारी.
खिडकीच्या काचेवर आतून बर्फ,
बाहेर टेकडीवरच्या तंबूंची धुरांडी
आणि सगळा धूर उतरून खाली, आमच्या दारात,
जणू त्यालाही दाखल व्हायचंय.

खाट क्रमांक नऊ. मिचिदमा, वय सहा.
नावात कृत्तिकांचा पुंजका
आणि उजव्या फुप्फुसाच्या तळाशी अकरा दिवसांचा गाळ.
मी ओंजळ उपडी करते, पाठ थोपटते,
पोकळ हातानं, चापट लागू न देता,
पिकलं का पाहायला कलिंगड वाजवावं तशी.
मग म्हणते, नाकानं आत घे. सावकाश.
आता नळीतून सोड. ओठ शीळ घालताना करतो तसे.

शीळ म्हणताच बापाचा चेहरा बदलला.
छपराखाली शीळ घालायची नसते,
वाऱ्याला आवतण जातं.
मी म्हटलं, आवाज नको, नुसता आकार.
पोरीनं फुंकलं,
सगळा दम एका झटक्यात.
पाणी उसळून उशीवर, मागोमाग खोकला,
बाटली ढकलून दिली. नको.

तीन दिवस हेच.
मी पीस उडवून पाहिलं, कागदाचं बेडूक पळवलं,
एक दोन तीन मोजले, रागावलेसुद्धा.
वहीत लिहिलं: मूल साथ देत नाही.

चौथ्या दिवशी बाप उठला. लुव्सान.
कोळशाच्या विटांच्या ट्रकवर हमाल.
जाऊन हात धुऊन आला, दोनदा,
तरी नखांच्या कडा काळ्याच.
बाटलीशी उकिडवा बसला.
"हा आपला मेंढवाडा," म्हणाला.
"आणि हे तुझे ओठ, हे फाटक.
सकाळी फाटक सताड उघडलं तर?"
"चेंगरतात."
"मग?"
तिनं दोन बोटांत फट दाखवली. एवढंच.
"हां. सोड आता. काळ्या कानांची पहिली."

बुड.
बुड. बुड.
तो नावं घेत होता: खोडकी, लंगडी,
जुळ्यांची आई, सासऱ्यांनी दिलेली,
कुत्र्याला न भिणारी.
त्या येत होत्या, एकीमागून एक, न ढकलता,
वर येऊन फुटत होत्या.
दर नावागणिक त्याचा आवाज थोडा खाली.
मला घड्याळ उशिरा आठवलं:
सात सेकंद. काल दोन होते.

दोन वर्षांमागच्या हिवाळ्यात
(हे नर्सनं मला जिन्यात सांगितलं)
गवतावर बर्फाचं कुलूप पडलं
आणि वाड्यातून कुणी उठलंच नाही.
म्हणून शहर. म्हणून कोळसा. म्हणून,
पण हे वाक्य मी इथंच सोडते.

मग खोकला आला. मोठा, ओला, हवा होता तोच.
वाटीत हिरवट गोळा.
मी हरखून तो खिडकीशी नेऊन पाहिला,
बाजूच्या खाटेवरच्या बाईनं तोंड फिरवलं.

पोरगी दमलेली, ओठ अजून तसेच.
"मागं किती उरल्या?"
बाप गप्प. बुटाकडे बघत.
मग मीच बोलले, शिकले होते तेवढं:
फुप्फुस कधी पुरतं रिकामं होत नाही, बाळा.
कितीही फुंक, थोडी हवा आत राहतेच.
ती राहते म्हणून भिंतीला भिंत चिकटत नाही,
पुढच्या श्वासाला जागा सापडते.
"थोडी म्हणजे किती?"

ते काही मला शिकवलं नव्हतं.
"दोन," लुव्सान म्हणाला,
"एक मेंढी. एक एडका."

तिनं जरा हिशेब केला.
पुरतील, अशी मान हलवली,
आणि नाकानं, सावकाश,
बाकीच्यांना आत घेऊ लागली.