पंखा

तुझी पिशवी माझ्या बटाट्यांमागे आहे, नेल्दा.
निळ्या बटाट्यांमागे नाही, ते रोज उपसले जातात;
बियाण्याच्या पोत्यामागे. ऑगस्ट उजाडेपर्यंत
तिकडे माझाही हात जात नाही.

आत काय आहे ते पुन्हा सांगते,
तू विसरतेस म्हणून नाही, मला मोजलं की बरं वाटतं.
दोन जन्मदाखले. एमिलियानोचं दम्याचं औषध. चार्जर.
दवाखान्याचा तो कागद, ज्यावर तू
"जिन्यावरून पडले" असं सांगितलंस
आणि नर्सनं खाली बारीक अक्षरात वेगळंच लिहिलं.
पैसे मोज्यात. अंड्यांच्या हिशेबातले,
डझनामागे एक "फुटलेलं".

भांडण चुलीपाशी पोचू द्यायचं नाही, तिथं सुऱ्या आहेत.
पण चिलोएत सगळा जन्मच चुलीपाशी जातो,
मग दाराच्या बाजूला बसायचं, एवढंच हाती.
दुसरी पायरी करकरते, ती गाळायची.
कुत्र्याला माझ्याकडे जेवायची सवय लावलीये,
म्हणजे तो भुंकणार नाही.

फेरी सकाळी सहा दहाला, रविवारी आठला.
पोलीस कास्त्रोला. फोन करायचाच,
पण मध्ये पाणी आहे.
माझ्या भाच्याची होडी आहे, ओहोटीला तीही चिखलात.
म्हणून भरती-ओहोटी मी कॅलेंडरवर लिहून ठेवते,
संतांच्या सणांशेजारी.
कुणी विचारलं तर म्हणते, शिंपल्यांसाठी.

शब्द आधी वेगळा होता. "यीस्ट आहे का?"
मे महिन्यात तू दारात येऊन विचारलंस,
मी पोतं ओढलं, एप्रन भिरकावला, भाच्याला उठवलं,
आणि तू हातात वाटी घेऊन उभी.
तुला खरंच यीस्ट हवं होतं.
किती हसलो आपण! भाचासुद्धा, एक बूट घातलेला.
मग तू खुर्चीत बसलीस, हसणं थांबेना,
आणि थोड्या वेळानं ते हसणं राहिलं नव्हतं.

म्हटलं, असं काहीतरी माग
जे या बेटावर कुणाला लागत नाही.
बाहेर पाऊस, तुझ्या अंगावर दोन लोकरी.
तू खिडकीकडे बघत म्हणालीस, पंखा.

मी काही धीट बाई नाही.
नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये, हे मलाही शिकवलंय.
बहिणीच्या वेळी मी पडले नाही.
दर नोव्हेंबरात तिच्या दगडावरचं शेवाळ खरवडते,
नाव पुन्हा वाचता येईपर्यंत.

आत्ता पहाटेचे चार.
दार कुणी वाजवत नाहीये, खरवडतंय.
आधी कुत्रा आत येतो, मग एमिलियानो,
एका पायात मोजा, दुसरा वाटेत कुठंतरी.
त्याच्यामागे कुंपणापाशी तू,
एक हात दुसऱ्या हातानं धरलेला.
शिकवलेलं चुकू नये म्हणून तो आधी श्वास घेतो:
"ओर्तेन्सियाआजी, आईनं विचारलंय,
तुमच्याकडे पंखा आहे का?"

आहे, म्हणते मी. आहे रे बाळा.
भाच्याचा दिवा लागतो. पोतं सरकतं.
आणि पोरगं चुलीपाशी उभं राहून
भिंती बघतं, छत बघतं, कपाटावर बघतं,
कुठं आहे म्हणून.