डब्याच्या पिशवीत

जुन्या संस्थेतून आलेल्या कागदावर
पद्मलबद्दल चारच शब्द होते:
हट्टी. चावते. अंघोळ नको.
वय एकतीस.

पहिल्याच आठवड्यात माझ्या मनगटावर
तिचे दात उमटले.
कुपवाड फाट्यावरच्या डॉक्टरनं विचारलं, कुत्रं?
मी काही बोलले नाही.

मग लक्षात येत गेलं, सावकाश,
बेदाण्यातल्या काड्या वेचाव्यात तसं.
तासगावहून पोती यायची, सगळ्या गोल बसायच्या,
पद्मलचा हात सगळ्यांत चलाख,
एक काडी सुटायची नाही तिच्या नजरेतून.
आणि मी मागून नुसती गेले तरी
ती टेबलाखाली.

मला नव्हती भीत.
माझ्या हातातल्या किणकिणीला.
तिकडे कुणाच्या तरी कमरेला किल्ल्या असणार.
किल्ल्या वाजल्या की कडी, कडीनंतर गार पाणी,
पाण्यानंतर काय, ते पद्मलकडे शब्दांत नाही.
अंगात आहे.

तेव्हापासून फाटकातच बांगड्या उतरवते,
रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत.
सासूबाईंना कळलं तेव्हा भाकरी थापता थापता थांबल्या.
"नवरा जिता हाय न्हवं तुझा?"
आहे. माधवनगरच्या गिरणीत, रात्रपाळीला.
"मग कुणापायी ह्ये?"
सांगायला गेले, तर मलाच नीट सांगता येईना.

आता न्हाणीचं दार उघडंच असतं. पडदा आहे,
तो पद्मल ओढते.
कोमट पाण्यात आधी ती बोट बुडवते.
मग मी विचारते, पाठ चोळू?
सात महिने विचारतेय.
ती बादलीकडे बघत राहते,
मी टॉवेल खुंटीला लावून
बाहेर स्टुलावर बसते.

परवा विचारताना हात जरा पुढे गेला असेल माझा.
ती म्हणाली, थांब.
स्पष्ट. पहिल्यांदाच.
मी थांबले. साबणाचा फेस
कोपरापर्यंत ओघळत गेला.
तिनं वळून पाहिलं, हात खरंच थांबलाय का.
पुन्हा म्हणाली, थांब.
मी थांबलेलीच होते.
हसली वगैरे नाही.
तिसऱ्यांदा म्हणून बघितलं, चौथ्यांदा,
नवी कडी लावून-काढून बघावी
आपल्या बाजूनं नीट लागते ना,
तसं.

नोंदवहीत लिहिलं, "आज अंघोळ झाली नाही."
सही केली.

फाटकाबाहेर पिशवी उघडली
तर रुमालात एक बांगडी वाढलेली.
फुटली म्हणायचं नसतं.
उरलेल्या चढवल्या
आणि सांगलीची बस धरली.