ओल

त्र्याऐंशी सालचं बुसान. स्टेशनाहून सुटलेली बस,
खिडकीकडची जागा, मी एकोणीस वर्षांचा
आणि रात्रभर अभ्यासानं दमलेला,
असं मी स्वतःला सांगत होतो.
रात्रभर पत्ते कुटले होते.

चागाल्चीच्या थांब्यावर मासळीवाल्या चढल्या.
आधी वास चढला, मग त्या.
मी डोळे मिटले.

झोपलेल्याला उठवता येतं,
सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?
मान जराशी कलती ठेवायची, ओठ किंचित उघडे,
श्वास मोजून: चार आत, सहा बाहेर.
शाळेपासूनचा रियाज होता माझा.

पण तेव्हा आमच्याकडे एक रीत होती.
बसलेल्यानं उभ्याचं ओझं मांडीवर घ्यायचं.
विचारायचं नाही, नुसतं ओढून घ्यायचं,
अनोळखी दप्तरं, कोबीचे गड्डे, कुणाची गळकी छत्री.
मांडी तेव्हा गावकीची होती.

ती माझ्या शेजारी उभी राहिली.
दिसली नाही, कळली:
रबरी बूट, धाप, दांडीवर घट्ट बसलेला ओला हात.
म्हणाली, "दमलंय पोर."
आणि अलगद,
जाग येऊ नये इतक्या अलगद,
माझ्या मांडीवर गाठोडं ठेवलं.

आधी एक थेंब.
मग बर्फाच्या पाण्याची धार,
पॅंटीतून, गुडघ्याच्या वाटीवरून, थेट मोज्यात.
आत अधूनमधून काहीतरी फडफडायचं,
पुन्हा गप्प पडायचं.
तेही बहुधा सोंगच.

उठावं तर पितळ उघडं.
पापण्यांच्या फटीतून दारातली कंडक्टर पोरगी दिसत होती,
बिल्ल्यावर नाव, ग्वांग-जा.
तिनं माझ्याकडे पाहिलं, फिस्सकन हसली,
पत्र्यावर दोन थापा हाणून ओरडली, "ओराईऽ!"

माझा थांबा आला. गेला.
पूल आला, खाली जहाजं, तोही गेला.
यंगदोच्या चढावर बस कण्हायला लागली
तेव्हा माझ्या बोटांना संवेदना उरली नव्हती.

उतरताना तिनं गाठोडं उचललं
आणि एप्रनच्या टोकानं माझा गुडघा पुसला.
एकदाच. ताट पुसतात तसा.
तरीही मी डोळे उघडले नाहीत.

तिला ठाऊक होतं का?
बायकोला विचारलं, मुलाला विचारलं.
दोघंही म्हणतात, अर्थातच.
त्यांना तो पुसणारा हात माहीत नाही.

आता भुयारी रेल्वे.
कोपऱ्यातल्या जागांवर चित्रं आहेत:
काठी, प्लॅस्टरातला पाय, कडेवरचं मूल.
मला अजून चार वर्षं अवकाश, म्हणून मी उभा.
समोर गरोदर बायकांसाठीची गुलाबी जागा,
बाजूच्या खांबावर दिवा.
पर्समध्ये ते छोटं यंत्र घेऊन कुणी चढली
की दिवा आपोआप लुकलुकतो.
कुणी कुणाला काही म्हणायला नको.

आज लुकलुकला.
चढलेली बाई सात महिन्यांची तरी असेल.
गुलाबी जागेवर एक तरुण, कानांत बोंडं, मान कलती.
मी त्याची छाती पाहिली.
चार आत.
सहा बाहेर.

बोलता आलं असतं. "उठ बाबा," दोन शब्द.
पण कोणत्या तोंडानं?

माझ्या पिशवीत बाजारातला गोठलेला बांगडा होता.
मी वाकलो,
आणि अलगद, अगदी अलगद,
ती त्याच्या मांडीवर ठेवली.
त्याची पापणी हलली. उघडली नाही.

बाई खांब धरून माझ्याकडे बघतेय,
म्हातारा वेडा दिसतोय, अशा नजरेनं.
मी तिला खुणेनं म्हणतो, थांबा जरा.
दिवा त्याच्या गालावर गुलाबी होतो, विझतो, पुन्हा गुलाबी.
सॉम्यन गेलं.

बांगडा वितळायला किती स्टेशनं लागतात, कोण जाणे.