साडेनऊचा भाग

खडेबाजारात साडीच्या दुकानाची फीत कापायला
मालिकेतली ती आली होती,
तेव्हा आमच्या वैजूनं गर्दीत हात घालून
तिच्या केसांतली पिन ओढून आणली.
टीव्हीखाली ठेवली, हळदकुंकू लावून.

मग तिच्यासारखी भुवई. तिच्यासारखा खोकला.
वडगावात मागावर उभी राहून म्हणायची,
धोटापण तिच्या पैंजणासारखा वाजतोय, ऐका की.
आम्ही हसायचो. नणंदेची जात, लग्न झालं की सुटेल.

गुरुवारी
मालिकेत नवंच स्वयंपाकघर दिसलं.
भिंतीवर कन्नड कॅलेंडर,
त्याच्यावर दुधाचा हिशेब, माझ्या अक्षरात.
ओट्याशी पाठमोरी वैजू.
वळली, आणि काचेवर आतून
हात थापायला लागली.
आवाज नव्हता.
रिमोट दाबून दाबून माझं बोट दुखलं.
तेवढ्यात हेस्कॉमची वीज गेली,
पंखा थांबला, गल्ली काळी झाली,
पडदा तसाच उजेडात.

शेजारी सोफ्यावर
कुणीतरी मोकळे केस मुठीत धरले,
जरासं खोकलं,
आणि अगदी आमच्यातलं होऊन विचारलं,
"वैनी, माझी पिन कुठं ठेवलीसा?"