थांबण्याजोगं

उद्यमनगरात आमचं ऑफिस वरच्या मजल्यावर,
खाली दस्तगीर बारगीरांचं फेटलिंगचं शेड.
दिवसभर हातोडी: ठण्, ठण्, ठण्,
मग एखादं ठप्प.
त्या ठप्पवर लाल खडूची फुली.

वर आमच्याकडे सत्तेचाळीस बग
आणि ब्याण्णव दूध संस्था,
सगळ्यांचं दहा दिवसांचं बिल परवा.
इंद्रजित म्हणाला, आज बिल्ड गेलाच पाहिजे.
पेन ड्राइव्ह त्यानं आधीच मोजून ठेवलेले,
ताटातल्या विड्यांसारखे.

रात्री नऊला बसलो. वडा थंड, चटणी तिखटच.
रिपोर्ट दोनदा छापला की प्रोग्राम कोसळतो.
जाऊ दे, मी म्हटलं.
सुकुमार दचकला: अगं, हा तर सगळ्यात मोठा!
मोठा आहे, पण पडतो तेव्हा आवाज होतो.
सेक्रेटरी शिव्या घालेल, परत चालू करेल,
कुणाचं काही जाणार नाही.

एकतीस तारखेची बत्तीस होते, फक्त पडद्यावर.
इंद्रजित म्हणाला, एक दिवस जास्त जगूया की.
तेही जाऊ दे.
पावतीवर ळच्या जागी रिकामी चौकट येते.
प्रिंटर जुना, फॉन्ट त्याहून जुना.
पन्हाळ्याचा बुरूज ढासळला, सुकुमार म्हणाला,
साळोखे गेले, माळी गेले,
आणि आम्ही पोट धरून हसलो.
‘दिसण्यापुरतं’ असा शेरा पडला.
मारला मीच.

मग दोनशे अकरा नंबरचा.
मशीन सांगतं फॅट सहा पॉइंट नऊ पाच,
आपण धरतो सहा पॉइंट नऊ.
कोसळत नाही काही, तांबडं होत नाही,
बेरीज तर अशी चोख की ऑडिटर खूश.
दोन्ही वेळचं आठ लिटर घालणाऱ्या बाईचे
दहा दिवसांत चोवीस रुपये,
आणि तिला कधी कळणारसुद्धा नाही.

चोवीस रुपयांसाठी ब्याण्णव संस्था थांबवायच्या?
इंद्रजितचा आवाज चढला. पुढच्या बिल्डात घेऊ की!
मी खिडकीतून खाली बघितलं.
शेड बंद. दारात फुली मारलेलं एक पंपाचं कास्टिंग,
वरून इतकं गुळगुळीत
की सरळ रंग द्यावा.
म्हटलं, हा ठप्प वाजतोय.

तो काही बोलला नाही, गाडी काढून गेला.
आला तेव्हा मिशीला फेस,
गंगावेशीच्या कट्ट्यावर ग्लासभर पिऊन आलेला.
बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला,
काय फॅट असेल गं ह्याला?
आणि खुर्ची ओढून दोनशे अकरा स्वतः उघडला.

पहाटे चारला बिल्ड झाला.
पेन ड्राइव्ह दुपारी निघाले, शिव्या सकाळपासून आल्या.

बिलादिवशी मी बाजारभोगावला गेले.
अनुसया कांबळेंनी पावती लांब धरली,
जवळ धरली, बोटांवर हिशेब केला.
पैसं बरोबर हाईत, म्हणाल्या.
पर माझ्या नावात ह्ये भोक कशाचं?

मी पर्समधून पेन काढला,
चौकटीत बसेल एवढा बारीक ळ लिहिला.
मागं रांगेत
अजून सहा कांबळे.