भिंतीची जाडी

भट्टीतून निघालेला पोलादाचा ओंडका
काचेच्या भुकटीवरून गडगडत जातो,
लाटीला पिठी लावावी तसा,
आणि काच त्याच्या अंगावर घाम होऊन राहते.

मग दाब. तीन हजार टन.
मोजून चार सेकंद.
गार्बिन्ये दर वेळी श्वास धरते,
एकोणीस वर्षं झाली तरी.

पलीकडून नळी निघते,
लालभडक, लांबच लांब, घाईत.
नवख्यांना वाटतं, दाबानंच ती पोकळ झाली.
भोक तर आधीच पाडलेलं असतं,
दाब त्याला फक्त लांबवतो.

गार झाल्यावर हिचं काम सुरू.
एका अंगाला साडेतीन मिलिमीटर,
दुसऱ्या अंगाला तीनही नाही.
मधला गज केसभर कलला की
एकीकडे जेवणावळ, दुसरीकडे उपास.
ती टोकाला खडूनं फुली मारते.

बाप याच प्रेसवर होता, कोल्दो.
डावा कान त्यानं इथंच ठेवला.
आता नेर्बिओयच्या काठी, उतारावर
तो घेवडा लावतो,
फुलीच्या नळ्या भंगाराच्या भावानं नेतो
आणि वेलांच्या आधाराला रोवतो.

रविवारी ती गेली तेव्हा
उजवा कान नळीला लावून
तो नखानं टिचकी मारत होता,
थोडं फिरून पुन्हा, थोडं फिरून पुन्हा.
“इथं पातळ आहे,” म्हणाला,
आणि बोट काढलं नाही.

मशीननं तिला तीच बाजू दाखवली होती.
फुलीचं टोक
वीतभर मातीखाली होतं.